नापासकरांच्या आईचा चमत्कार

चमत्कार नापास करायचं काम त्या गावात एकाच माणसाकडे होतं, आणि तो माणूस चष्मे विकायचा.

हे काम त्याने काही मागून घेतलं नव्हतं. गावच्या प्रार्थनाघराची एक पडताळणी समिती होती. कुणी म्हणालं की देवाने माझ्यासाठी चमत्कार केला, तर तो जाहीर करण्याआधी समितीपुढे यायचा. समितीत तिघं होते. एक प्रवचनकार, ज्यांना जन्मात कुणाला नाही म्हणता आलं नाही. दुसऱ्या, गावच्या शाळेच्या निवृत्त हेडबाई. त्यांना अख्खं गाव नुसतं 'बाई' म्हणायचं, आणि त्या शुद्धलेखनाच्या चुका सोडून बाकी सगळं माफ करायच्या. तिसरा हा चष्मेवाला, कारण त्याच्याकडे भिंग होतं. तिघांचेही हात वर झाले तरच चमत्कार मान्य. आणि चष्मेवाल्याचा हात काही केल्या वर होत नसे.

बेकरीवाल्याच्या पावावर एकदा चेहरा उमटला. दाढीबिढी, सगळं. लोक रांगा लावून पाहून गेले. चष्मेवाल्याने पाव पाहिला, मग भट्टीत डोकं घालून जाळी पाहिली. जाळीची तार वाकली होती. दुसऱ्या दिवशीच्या पावावरही तोच चेहरा आला, तिसऱ्या दिवशी बेकरीवाल्याने जाळी बदलली. न्हाव्याचा बहिरेपणा प्रार्थना म्हणता म्हणता गेला, तेव्हा चष्मेवाल्याने त्याच्या कानात बॅटरी मारून पाहिलं आणि खाली सांडलेला मळ पुडीत बांधून समितीपुढे ठेवला. बाई म्हणाल्या, "शी! झाक ते." पण चमत्कार नापास झाला तो झालाच.

लोक त्याला आधी पाठीमागे नापासकर म्हणायला लागले, मग तोंडावर. शेवटी बायकोही रागावली की "अहो नापासकर, जेवायला या" म्हणायची.

लोकांना वाटायचं, हा नास्तिक आहे. साफ चूक. दुकानाचं शटर अर्धं वर करून, गिऱ्हाईक आत यायच्या आधी, हा माणूस रोज काउंटरमागे डोळे मिटून उभा राहायचा. देव आहे याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. शंका होती ती माणसांबद्दल. देव काय रिकामा बसलाय पावावर चित्रं काढायला? एवढं त्याचं म्हणणं. प्रत्येक वेळी तो भिंग पुसून मोठ्या आशेने जायचा, की आज तरी असं काही निघेल ज्याला कारण सापडणार नाही. आणि प्रत्येक वेळी मेलं कारण सापडायचं. त्या दिवशी त्याला जेवण गोड लागत नसे. हे फक्त बायकोला माहीत होतं.

समितीचे नियम जुने होते. कारण सापडलं की चमत्कार बाद. घरच्या माणसाची साक्ष बाद. आणि तिसरा नियम असा, की मान्य झालेल्या चमत्काराला माणसाने हात लावायचा नाही. देवाच्या कामावर आपली डागडुजी नको. चष्मेवाला समितीत येण्यापूर्वी एक चमत्कार मान्य झाला होता. वादळात प्रार्थनाघराची घंटा आपोआप वाजली होती. तेव्हापासून त्या घंटेला कुणी तेल घातलं नव्हतं, दोरी बांधली नव्हती. आता ती गंजून गच्च झाली होती आणि कुठल्याही वादळाला दाद देत नव्हती.

तर हे असं सगळं सुरळीत चाललेलं असताना चमत्कार झाला तो थेट नापासकरांच्या आईच्या डोळ्यांत.

आई रोज सकाळी प्रार्थनाघरात जाऊन प्रार्थनेचं पुस्तक वाचायची. गळ्यात दोरीला चष्मा. तो चष्मा तिच्या नवऱ्याने, म्हणजे चष्मेवाल्याच्या बाबांनी केलेला होता. दुकान मुळात बाबांचं. जाण्याआधी त्यांनी हाताने घासलेली काचांची शेवटची जोडी ती. चष्मेवाला कितीदा म्हणाला, "आई, नंबर बदलला असेल, एकदा तपासून घे." आई म्हणायची, "त्यांनी तपासलाय." विषय संपला. गावभर लोकांचे डोळे तपासणाऱ्या माणसाला घरात आईच्या डोळ्यांना हात लावायची सोय नव्हती.

त्या सकाळी ती चष्मा घालून बसली तर अक्षरं पुसट. काचा पुसल्या, तरी पुसट. वैतागून तिने चष्मा काढला, तर काय! अक्षरं समोर लख्ख. बारीक टाइपातली तळटीपसुद्धा. तिने एक पान वाचलं, दोन वाचली, मग उभी राहून मोठ्याने वाचायला लागली. प्रवचनकार आतून धावत आले. त्यांना वाटलं, कुणी पडलं.

दुपारपर्यंत गावाला कळलं. संध्याकाळी प्रवचनकारांनी समितीची वाट न बघताच तो चष्मा काचेच्या पेटीत ठेवून, पेटीला चार स्क्रू मारून, दारालगतच्या भिंतीवर लावला. आईनेच तो अर्पण केला होता. दुसऱ्या दिवसापासून लोक जाता-येता पेटीला हात लावून तो डोळ्यांना लावायला लागले. चष्मेवाल्याचा धंदा त्या आठवड्यात मंदावला.

त्या पहिल्या दुपारी त्याने ही बातमी ऐकली तेव्हा खरं सांगायचं तर त्याच्या छातीत धडधडलं. आई आणि चमत्कार! तिने आयुष्यात कधी अर्धी गोष्टसुद्धा फुगवून सांगितली नव्हती. तो दुकान तसंच टाकून घरी आला. आई खिडकीशी बसून वर्तमानपत्र वाचत होती. उघड्या डोळ्यांनी.

"वाच बरं हे," तो म्हणाला.

"काय वाचू? जाहिरात आहे ती. गाद्यांची," आई म्हणाली. "चमत्कार काय गाद्या वाचायला झालाय?"

त्याला हसू फुटलं. पण तेवढ्यात बायको धुतलेल्या चादरी घेऊन आली आणि आईने नाक मुरडलं. "सूनबाई, पुन्हा पिवळ्याच राहिल्या गं. साबण बदल म्हणून किती दिवस सांगतेय."

"आई, पांढऱ्याशुभ्र आहेत हो या," बायको म्हणाली. हा वाद घरात बरेच दिवस चालला होता आणि चष्मेवाल्याने शहाणपणाने त्यात कधी पडायचं नाही असं ठरवलं होतं. आता मात्र त्याने चादरीकडे पाहिलं. चादर पांढरी होती.

"आई," तो सावकाश म्हणाला, "रात्री दिवे कसे दिसतात गं तुला?"

आईचा चेहरा उजळला. "तुला कसं कळलं? मी अजून कुणाला बोलले नाही. प्रत्येक दिव्याभोवती तेजाचं वलय असतं रे. रस्त्यावरच्या दिव्यांनासुद्धा."

 तो खिशातली छोटी बॅटरी काढून तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. आज आईने नाही म्हटलं नाही. चमत्कार बघू दे की त्याला, असा तिचा थाट होता. त्याने उजेड टाकला. बाहुलीच्या आत, जिथे काळं दिसायला हवं, तिथे चहासारखा तपकिरी रंग होता. दुसऱ्या डोळ्यातही तोच. मोतीबिंदू. तोही घट्ट जातीचा.

हे त्याने दुकानात चिक्कार पाहिलं होतं. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग पिकायला लागलं की कधीकधी ते जाड होतं, आणि म्हाताऱ्या माणसाला अचानक जवळचं चष्म्याशिवाय दिसायला लागतं. माणूस हरखून जातो. पांढरं पिवळं दिसतं, दिव्यांना वलयं येतात, लांबचं धुरकट होतं, तिकडे त्याचं लक्ष नसतं. हे सुख थोड्या दिवसांचं. मग जवळचंही जातं. आणि भिंग फारच पिकू दिलं तर डोळ्यातला दाब चढतो आणि डोळा कायमचा जातो. मग कुठलाच डॉक्टर काही करू शकत नाही.

त्याने बॅटरी विझवली आणि आईला सगळं सांगितलं. समजावून, धीराने, गिऱ्हाइकाला सांगतो तसं. साधं ऑपरेशन आहे, म्हणाला. जुनं भिंग काढतात, नवीन बसवतात, त्याच दिवशी घरी.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झालं तुझं नापास करून?"

"आई, तसं नाही गं."

"देवाने मला डोळे दिले. ते कापून काढून डॉक्टरला देऊ? आणि तू आणून देणार काच?" तिने वर्तमानपत्र पुन्हा उघडलं. "बाजूला हो, उजेड अडवतोयस."

बायकोने स्वयंपाकघरात त्याला गाठलं. "अहो, एकदा हात वर केलात तर काय बिघडेल? म्हातारं माणूस आहे. खुश आहे."

"हात वर केला की चमत्कार मान्य झाला," तो म्हणाला. "आणि मान्य झाला की त्याला हात लावायचा नाही. ती घंटा बघितलीस ना?"

बायकोच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. घंटा तिने बघितली होती.

"मग करा नापास," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदाच ती असं म्हणाली असेल.

समितीची बैठक प्रार्थनाघरातच भरली. एरवी बैठकीला कुत्रं फिरकत नसे; त्या दिवशी बसायला जागा नव्हती. नापासकर स्वतःच्या आईला नापास करतो का, हे बघायला सगळे आले होते. बेकरीवाला तर पहिल्या रांगेत. सुरुवातीलाच प्रवचनकारांनी चाचरत विचारलं, की चष्मेवाल्यांनी या प्रकरणात मत द्यावं का, म्हणजे, मातोश्रीच आहेत म्हणून.

"नियमात नातेवाइकाची साक्ष बाद आहे, मत नाही," बाई म्हणाल्या. नियम त्यांनीच शुद्ध करून लिहून काढले होते. "तू बस रे तुझ्या जागेवर."

आईला मधोमध खुर्ची दिली होती, लोकांकडे तोंड करून. समितीचं टेबल तिच्या पाठीमागे. तिने पुस्तक उघडलं आणि वाचायला लागली. काय सुरेख वाचलं! एक अक्षर अडलं नाही. बाईंनी मुद्दाम कोपऱ्यातलं, छापखान्याचं नाव असलेलं मुंगीएवढं अक्षर दाखवलं, तेही वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रवचनकारांनी डोळे पुसले आणि त्यांचा हात वर गेला. पाठोपाठ बाईंचाही. सगळ्यांच्या माना तिसऱ्याकडे वळल्या.

तिसऱ्याची खुर्ची रिकामी होती.

वाचन चालू असताना तो मागच्या बाजूने उठून गेला होता. प्रार्थनाघराला वळसा घालून समोरच्या मोठ्या दारातून तो आत आला आणि दाराजवळ, भिंतीवरच्या त्या पेटीखाली उभा राहिला. उजेड पाठीवर येणार नाही, चेहऱ्यावर पडेल, असं बघून उभा राहिला. फसवाफसवी त्याला करायची नव्हती. दारापासून आईची खुर्ची काही मैलभर लांब नव्हती. रस्ता ओलांडताना समोरचा माणूस असतो, तेवढीच. त्याने बाईंना खूण केली. काय विचारायचं ते बाईंना सकाळीच सांगून ठेवलं होतं, पण त्यांना आता ते करायला नको वाटत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"आणखी एकच," बाई म्हणाल्या. "दाराजवळ कोण उभं आहे, ते सांगा बरं."

आईने मान वर केली. डोळे बारीक केले. "बेकरीवाला दिसतोय. पोट सुटलंय."

पहिल्या रांगेतला बेकरीवाला खोकला. लोक हसले. आईला खोकला ओळखीचा वाटला.

"मग न्हावी असेल."

न्हावी तिच्या डाव्या हाताला होता. तो म्हणाला, "मी इथे आहे, आजी." आता कुणी हसलं नाही.

आईने मान पुढे काढली. खूप वेळ पाहिलं. चष्मेवाला हलला नाही, बोलला नाही. त्याच्या पायरवावरून, त्याच्या श्वासावरून ती त्याला घरात ओळखायची. इथे त्याने तिला दोन्हींतलं काही दिलं नाही. त्याला वाटत होतं, ओळख. तिने ओळखू नये असं आपण ठरवून आलोय हे तो साफ विसरला होता. ओळख ना आई. तुझा मुलगा आहे मी.

"परका आहे कुणीतरी," आई म्हणाली. "आपल्यातला नाही."

 मागे त्याची बायको तोंडावर हात धरून उभी होती.

"आई," तो म्हणाला, "मी आहे."

मग त्याने तिथूनच, दारातूनच, सगळं कारण सांगितलं.  भिंग, तपकिरी रंग, पिवळ्या चादरी, वलयं. सगळं बरोबर होतं, एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. प्रवचनकारांचा हात हळूहळू खाली आला. बाईंनी आपला कधी खाली घेतला ते कळलंच नाही. आईने पुस्तक मिटलं, पिशवीत टाकलं आणि सुनेचा हात धरून घरी गेली. चमत्कार नापास झाला होता. आजवर इतकं स्वच्छ काम त्याने कधी केलं नव्हतं आणि त्याला स्वतःचं तोंड पाहवत नव्हतं.

आई त्याच्याशी बोलेनाशी झाली. निरोप सुनेमार्फत. "त्याला म्हणावं, मीठ दे." मीठ त्याच्या हातात असायचं. ऑपरेशनचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. नापास झाला तर झाला, समितीने काय म्हणायचं ते म्हणू दे, देवाने दिलंय ते मी परत करणार नाही, असं तिने सुनेला एकदा ऐकवलं होतं, त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. म्हणजे घोडं तिथेच अडलं होतं. उलट आता वाईट होतं. आता चमत्कारही नव्हता आणि डॉक्टरही नव्हता, आणि डोळे पिकायचे ते पिकतच होते. चष्मेवाला दुकानात लोकांचे नंबर काढायचा आणि मध्येच थांबून भिंतीकडे बघत बसायचा. गिऱ्हाइकं विचारायची, "अहो, हे अक्षर वाचायचं का पुढचं?"

एका दुपारी आईच दुकानात आली. इतक्या वर्षांत ती कधी दुकानात आली नव्हती. बाबा गेल्यापासून नाहीच. भिंतीला धरत आत आली आणि तपासायच्या उंच खुर्चीवर बसली. तो काउंटरमागे उभाच राहिला.

"इकडे ये," आई म्हणाली. "अजून जवळ. अजून."

तो अगदी पुढ्यात आला. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि पुस्तक धरते तेवढ्या अंतरावर आणून पाहिलं.

"इथे दिसतोस," ती म्हणाली. "पण माणूस सारखा असा तोंडापुढे थोडाच धरता येतो."

तो तसाच वाकून राहिला.

"मी त्या दिवसापासून देवाशी भांडतेय," आई म्हणाली. "म्हटलं, दिलंस तर दिलंस, मग हे मधेच काढून काय घेतलंस? तो काही बोलला नाही. तो कधी बोललाय! मग मीच विचार केला. पुस्तक मला पाठ आहे रे. लहानपणापासून पाठ आहे. ते दिसलं काय नि न दिसलं काय, मी म्हणेन. तू मला पाठ नाहीस. तू रोज थोडाथोडा बदलत असशील. तो तिथे उभा होता तो कुणी परका, असं मला वाटलं आणि तो तू होतास. मला रात्री झोप येत नाही त्याने."

"आई, मी तसं करायला नको होतं गं," तो म्हणाला.

"गप बस. केलंस ते बरंच केलंस. एरवी मला कळलं कसं असतं?" तिने त्याचा चेहरा सोडला. "पण एक सांगते. तो चमत्कारच होता. तू नापास केलास म्हणून तो चमत्कार नव्हता असं होत नाही. देवाने दिला होता, मी तो परत करतेय. एवढाच फरक. डॉक्टरला सांगून ठेव, काढ म्हणावं."

त्याने वाद घातला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कारण ठाऊक होतं आणि सांगावंसं वाटत नव्हतं.

ऑपरेशन झालं. डॉक्टरला त्यात काही विशेष वाटलं नाही. त्याचं त्या सकाळचं ते कितवं तरी होतं. दुसऱ्या दिवशी घरी पट्टी काढायची होती. आई पलंगावर बसली. चष्मेवाला दुसऱ्या टोकाला, दाराशी जाऊन उभा राहिला. पुन्हा त्याच अंतरावर.  सुनेने पट्टी सोडवली, डोळा पुसला.

आईने डोळा उघडला, मिचकावला. मग दाराकडे पाहिलं आणि बघतच राहिली.

"अरे," ती म्हणाली, "तुझे केस कधी पिकले?"

तो दाराच्या चौकटीला टेकला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. आईला ते तिथून दिसत होतं. नाकसुद्धा दिसत होतं, ते पुस म्हणाली. मग तिची नजर पलंगावरच्या चादरीवर गेली आणि ती समाधानाने सुनेकडे वळली.

"बघ," ती म्हणाली, "साबण बदललास तर कशी निघाली!"

बायकोने तोंड उघडलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं.

पुढे दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. आई रस्त्याच्या पलीकडच्या माणसांना नावानिशी हाका मारायला लागली, आणि ती माणसं दचकायला लागली. मात्र पुस्तक उघडलं की अक्षरं पुसट. हे होणारच होतं. डॉक्टरने नवीन भिंग लांबच्या नजरेचं बसवलं होतं. जवळच्यासाठी आता पुन्हा चष्मा लागणार होता.

"मी करून देतो," चष्मेवाला म्हणाला. "आजच्या आज."

"नको," आई म्हणाली. "माझा आहे ना."

आई, तो आणि बायको प्रार्थनाघरात गेले. प्रवचनकारांना पेटी उघडायची म्हणजे जिवावर आलं. लोक हात लावतात हो रोज, म्हणाले. कालच एक म्हातारी लांबून आली होती, म्हणाले. समितीला विचारावं लागेल, म्हणाले. बाई कोपऱ्यात पुस्तकं लावत होत्या, त्या म्हणाल्या, "नापास झालेल्या चमत्काराला हात लावायला कुणाची परवानगी लागत नाही. स्क्रू काढा." चष्मेवाल्याने खिशातला चष्म्याचा पिटुकला स्क्रूड्रायव्हर काढला. तो त्या स्क्रूंना पुरेना. शेवटी प्रवचनकारांनी आतून मोठा आणून दिला, आणि दर स्क्रूला सुस्कारा सोडला.

आईने चष्मा घेतला, पदराने पुसला, पुढे आपल्या रोजच्या जागी जाऊन बसली, तो डोळ्यांवर ठेवला आणि पुस्तक उघडलं.

"दिसतंय?" चष्मेवाल्याने विचारलं.

आई वाचायला लागली. अडखळली नाही. पानाच्या तळाशी गेली, तळटीप वाचली, पान उलटलं. चष्मेवाल्याने वाकून तिच्या हातातलं पुस्तक चाळून भलतंच पान काढलं, मुद्दाम, पाठ असेल म्हणून. तिने छापखान्याचा पत्ता वाचला. इतकी वर्षं मध्ये गेली, डोळा बदलला, आतलं भिंग बदललं, आणि बाबांनी आपल्या हाताने घासलेली काच त्या नव्या डोळ्याला अशी बसली, की याने आज मशीनवर मोजून केली असती तर याहून नीट बसली नसती.

कारण त्याला माहीत होतं. अगदी साधं होतं. नवीन भिंगाने डोळा पुन्हा तिथे आणून सोडला होता, जिथे तो बाबांच्या वेळी होता. त्या वयात, तशा डोळ्याला, वाचायला तोच नंबर लागतो. शंभरातल्या नव्वद लोकांना लागतो. त्याच्या दुकानात त्या नंबरचे चष्मे तयार मिळायचे, पुठ्ठ्याला टांगलेले.

तो मागे सरत दाराजवळ गेला. तिथून त्याने हात वर केला.

बाईंनी आधी पाहिलं. "काय रे? काय विचारायचंय?"

"काही नाही. माझं मत आहे," तो म्हणाला.

"कशावर?"

त्याने मानेने आईकडे दाखवलं.

"कारण सापडलं नाही का?" प्रवचनकारांनी घाबरत घाबरत विचारलं.

"सापडलंय. सगळं सापडलंय, हवं तर सांगतो." हात वरच होता.

प्रवचनकारांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी नियमांच्या चौकटीकडे पाहिलं, ती भिंतीवर होती, त्यांच्याच अक्षरात. मग हातातली पुस्तकं खाली ठेवली आणि त्यांचा हात वर गेला. प्रवचनकारांचा स्क्रूड्रायव्हरसकट वर गेला. तिघंही तसेच उभे राहिले. आता पुढे काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण या तिघांवर ही वेळच कधी आली नव्हती.

वाचन थांबलं. आईला काहीतरी चाहूल लागली असावी. तिने चष्मा नाकावर खाली ओढला आणि काचांच्या वरून तिघांकडे पाहिलं.

"हात कसले वर केलेत?"

"चमत्कार, आजी," प्रवचनकार म्हणाले. "मान्य झालाय."

"कुठला?"

"हाच. चष्मा."

आईने चष्मा काढून हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला, काही राहिलंय का म्हणून. मग पुन्हा नाकावर ठेवला.

"यात कसला आलाय चमत्कार?" ती म्हणाली. "त्यांचा हातच तसा होता. नीट बनवला होता, म्हणून दिसतंय." तिने पान शोधलं, आणि वाचायला लागण्याआधी पुन्हा एकदा काचांवरून आपल्या मुलाकडे पाहिलं. तो लांब उभा होता, दाराजवळ, रिकाम्या पेटीखाली. तिने त्याला नीट पाहून घेतलं.

"तू तर आधी हात खाली कर," ती म्हणाली.